कोरं पेन

मैत्रिणीने पिशवीतून एक काळी डबी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "दोनच प्रश्न आहेत. हे पेन चांगलं आहे का? आणि विकलं तर किती येतील?"

पेनांचं वेड असलं की असली कामं वाट्याला येतातच. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे लोक आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ आणतात, तसे माझ्याकडे पेनं आणतात. डबीत काय निघणार हे बहुतेक वेळा मला आधीच ठाऊक असतं. कुठल्या तरी सत्कारात मिळालेलं, सोनेरी मुलामा उडालेलं बॉलपेन. पण या डबीत खरोखरच एक जाडजूड, काळंभोर फाउंटन पेन होतं. टोपणाच्या माथ्यावर गोलसर टोकांचा पांढरा तारा, खाली सोनेरी कडी. माँ ब्लाँ कंपनीचं माइस्टरस्टुक १४९. ज्यांना पेनातलं काही कळत नाही त्यांनाही लांबून ओळखू येतं, अशा मोजक्या पेनांपैकी हे एक.

तिचे वडील शिक्षक होते. ते निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना हे पेन दिलं. त्यानंतर २२ वर्षं ते कपाटात राहिलं. वडील गेल्यावर कागदपत्रं आवरताना तिच्या हाती लागलं.

"बाबांनी एकदाही वापरलं नाही रे. एवढ्या भारी पेनाने मी लिहू तरी काय, म्हणायचे. अगदी कोरं आहे."

'कोरं' म्हटल्यावर माझी पंचाईत झाली.

पेन चांगलं आहे की नाही, हे शाई भरून लिहिल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा शाई भरली की ते कोरं राहत नाही. संग्राहकांच्या बाजारात कोऱ्या पेनाला वेगळा भाव असतो. मूळ डबी, हमीपत्र, निबेची जाडी सांगणारा चिकटवलेला कागद, आणि निबेला शाईचा स्पर्श नाही, एवढं सगळं जुळलं की किंमत चढते. शाईत एकदा बुडवलं की उतरते. म्हणजे हिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जावं, तर दुसऱ्याचं उत्तर हातातल्या हातात बदलणार.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू काहीच सांगू शकत नाहीस?"

"बरंच सांगू शकतो. थांब, भिंग आणतो."

पहिलं काम म्हणजे खरं-खोटं ठरवणं. ज्याचं नाव मोठं त्याच्या नकला जास्त. नकली माल ओळखताना गंमत अशी होते की आपली सगळी अटकळ उलटी ठरते. खोटं पेन बहुधा जड असतं. 'महाग म्हणजे भारदस्त' ही समजूत नकला करणाऱ्यांना पक्की ठाऊक असल्याने ते आत पितळेची नळी घालतात. खरं १४९ मात्र आकाराच्या मानाने हलकं लागतं, साधारण ३० ग्रॅम. कारण त्याचं अंग प्लास्टिकचं असतं. कंपनी त्याला 'मौल्यवान रेझिन' म्हणते, ते म्हणो बापडी. या रेझिनच्या आत प्रखर टॉर्च धरला की काळ्या भिंतीतून गडद लालसर उजेड झिरपतो. मी टोपणात टॉर्च धरला. लाल दिसलं. क्लिपच्या कड्यावर क्रमांक होता. शाई भरायला मागच्या बाजूला फिरकी होती. १४९ शाई दट्ट्याने ओढून घेतं, त्यात कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार कुपी, बसत नाही. मागची नळी उघडून आत कार्ट्रिजची जागा दिसली असती, तर डबी तिथेच बंद केली असती.

"खरं आहे," मी म्हटलं.

"म्हणजे चांगलं आहे."

"नाही, फक्त खरं आहे."

खरं आणि चांगलं यांतला हा फरक मी बरेच पैसे घालवून शिकलोय. काही वर्षांपूर्वी हौसेने एक महागडं पेन घेतलं होतं. कुठल्या कंपनीचं ते राहू दे. दुकानात त्यांनी निब शाईच्या बाटलीत बुडवून माझ्या हातात दिली, आणि काय सांगू, लोण्यावरून सुरी फिरावी तसं ते कागदावरून फिरलं. मी तिथेच भुललो. घरी आणलं, शाई भरली, त्या रात्री चार पानं लिहिली. सकाळी टोपण काढून वहीत 'आज' लिहायला गेलो तर कागदावर नुसता 'ज' उमटला. 'आ'च्या जागी शाईविना ओढलेला ओरखडा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पेन पहिल्या फटक्यात उठतच नव्हतं. एकदा सुरू झालं की झकास, पण दोन मिनिटं विचार करायला थांबलो की पुन्हा पहिलं अक्षर गायब.

स्वस्त पेन असं वागलं असतं तर मी पेनाला नावं ठेवली असती. महागडं होतं म्हणून शाईला ठेवली, मग कागदाला, आणि शेवटी स्वतःच्या हाताला. तीन शाया बदलल्या. पेन धरायची पद्धत बदलून पाहिली. शाळेतल्या पोरासारखा कित्ता गिरवत बसलो. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की ही त्या निबेची खासियत आहे. भारी वस्तू घेतली की गिऱ्हाईक आधी स्वतःवर संशय घेतं. किमतीचा एवढा भाग तर दुकानदाराला फुकटच मिळतो.

मग कधी तरी भिंगाखाली पाहिलं आणि कोडं सुटलं. निबेच्या टोकाला एक बारीकसा मणी असतो. कागदाला टेकतो तो तेवढाच. मणी जोडल्यावर चकतीने त्याला चीर पाडतात, त्याचे दोन भाग होतात आणि त्या चिरेतून शाई खाली येते. पुढे मणी घासून गुळगुळीत करतात. माझ्या पेनाचा मणी प्रमाणाबाहेर घासला गेला होता. चिरेच्या आतल्या दोन्ही कडा गोलावल्या होत्या, त्यामुळे कागद टेकायचा तो दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांवर, आणि शाई अडकून राहायची मधल्या घळीत. या दोषाला जगभरचे पेनवेडे 'बेबीज बॉटम' म्हणतात. भिंगातून एकदा पाहिलं की नाव अगदी चपखल वाटतं, मराठीत सांगायची गरज उरत नाही. निबा दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराने अतिशय बारीक घासकागदावर माझ्या पेनाने दहा-बारा वेळा इंग्रजी आठाचा आकडा काढला, भिंगातून पाहिलं, पुन्हा चार वेळा काढला आणि पेन परत दिलं. त्या दिवसापासून पहिल्या फटक्याला उठतं. किंचित खरखर करतं, पण उठतं.

तेव्हापासून दुकानातल्या गुळगुळीतपणावर माझा विश्वास नाही. बुडवलेली निब शाईने लदबदलेली असते, त्या अवस्थेत कुठलंही पेन घसरतं. शिवाय जो अतिगुळगुळीतपणा बोटांना भुरळ घालतो तोच बरेचदा दुखण्याचं मूळ असतो. पेनाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते, आणि दुकानं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू देत नाहीत.

या दुखण्यामुळे मला पेनाकडे पाहायची एक सवय लागली. दिवसाचे २४ तास धरले तर पेन लिहितं ते जेमतेम तासभर. उरलेले २३ तास ते टोपण घालून पडलेलं असतं. तेव्हा पेनाचा दर्जा जोखायचा तर ते लिहीत नसताना काय करतं ते आधी पाहावं. पण निबेबद्दल पानंच्या पानं लिहिणारे लोक टोपणाबद्दल दोन ओळींत आटपतात. टोपणाच्या आत आणखी एक छोटं टोपण असतं, निबेला हवाबंद ठेवणारं. ते नीट बसलं नाही तर शाईतलं पाणी उडून जातं, शाई दाट होते आणि सकाळी पेन रुसतं. जपानच्या प्लॅटिनम कंपनीने २०११मध्ये आपल्या '३७७६ सेंच्युरी' या पेनाच्या टोपणात स्प्रिंगवरचं आतलं टोपण बसवलं. दोन वर्षं न वापरता ठेवलं तरी शाई वाळणार नाही, असा त्यांचा दावा आहे. मी दोन वर्षं थांबून पाहिलेलं नाही, तेवढा संयम असता तर पेनांचा नाद लागलाच नसता. पण विसरून गेलेलं असं एक पेन काही महिन्यांनी उघडलं तेव्हा ते काल रात्री ठेवल्यासारखं लिहू लागलं. सोनं, लाख, नक्षी या सगळ्यापेक्षा माझ्या लेखी त्या स्प्रिंगची किंमत जास्त आहे.

म्हणून मैत्रिणीच्या पेनाचंही मी आधी टोपण पाहिलं. आटे फिरवले. चांगल्या आट्यांना शेवटी एक ठाम थांबा असतो. बोटांना कळतं की आता बसलं, आणखी आवळायला नको. हलक्या पेनाचं टोपण फिरत फिरत जातं आणि शेवटी नुसतं अडतं. हिचं टोपण बसलं. दट्ट्याची फिरकी सोडली, ती एकसारख्या जोराने फिरली, मध्ये कुठे घट्ट, कुठे सैल असं नाही. २२ वर्षं जागेवर बसलेला दट्ट्या कोरडा पडून चिकटायचा संभव असतो, म्हणून जरा फिरवून सोडून दिला. फिरकीच्या दट्ट्याचं पेन जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९२९मध्ये बाजारात आणलं आणि ते रूढ झालं. त्याआधी बहुतेक पेनांत रबरी पिशवी नाही तर ड्रॉपर. ड्रॉपरने शाई भरताना बोटं निळी करून घेतलेल्या कुणालाही दट्ट्याची थोरवी सांगावी लागत नाही.

"सोन्याची आहे ना निब?" मैत्रिणीने मध्येच विचारलं.

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. निबेवर ७५०चा शिक्का होता, म्हणजे १८ कॅरेट, हजारात ७५० भाग सोनं. १४ कॅरेटच्या निबेवर ५८५ असतं, आणि जपानची सेलर कंपनी २१ कॅरेटच्या निबा करते, त्यावर ८७५. हे आकडे वाचून लोकांना वाटतं की चढत्या आकड्यानं लिहिणंही चढत जातं. तसं काही नसतं. सोनं जितकं शुद्ध तितकं मऊ, आणि मऊ म्हणजे लवचीक नव्हे. दाबल्यावर वाकून परत जागेवर येणं आणि दाबल्यावर वाकून तसंच राहणं यांत फरक आहे. निबेला लवचीकपणा मिळतो तो तिच्या आकारातून, जाडीतून, चिरेच्या लांबीतून आणि धातू कसा ठोकून लाटलाय त्यातून.

मग सोनं आलं कशाला? जुन्या काळच्या लोहयुक्त शाया आम्लधर्मी असत, साध्या पोलादाच्या निबा त्यांनी खाऊन टाकल्या असत्या. सोनं शाईला दाद देत नाही. पुढे स्टेनलेस स्टील आलं, शाया सौम्य झाल्या, कारण गेलं आणि सोनं मात्र राहिलं. आता ते बहुतांशी मानासाठी आहे, आणि मान असणं काही गुन्हा नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की निबेत सोनं असतं ते फार थोडं, आणि कागदाला ते टेकतच नाही. टेकतो तो मणी, आणि तो वेगळ्याच कठीण मिश्रधातूचा असतो. त्याला इरिडियम म्हणायची रीत पडलीय, पण आजच्या मण्यांत बहुधा रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन असले धातू असतात आणि इरिडियम नावापुरतंही नसतं. तीन हजार शब्द लिहून सोनं झिजत नाही ते या मण्याच्या जिवावर.

हे सगळं मी तिला सांगत सुटलो. तिने घड्याळाकडे पाहिलं. मी निबेकडे वळलो.

भिंगातून निब पाहणं हे माझं आवडतं काम. मण्याचे दोन्ही भाग सारख्या उंचीवर आहेत का? एक वर आणि एक खाली असेल तर एका दिशेने लिहिताना निब कागदाला टोचते. चीर वरून खाली किंचित निमुळती होत आलीय का? टोकाशी फाकलेली असेल तर शाई तिथवर पोचत नाही, आणि गच्च मिटलेली असेल तर कोरडं लिहितं. निबेखालचं फीड मधोमध आहे का? ही काळी, खाचा असलेली पट्टी म्हणजे फाउंटन पेनाचा जीव. शाई खाली उतरते तेवढीच हवा वर गेली पाहिजे, नाही तर पेन एक तर अडतं नाही तर गळतं. रुमानियाच्या पेत्राके पोएनारूने १८२७मध्येच फ्रान्समध्ये शाई साठवणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं होतं, पण शाई आणि हवेची ही देवाणघेवाण जमायला आणखी बराच काळ जावा लागला. अमेरिकेच्या लुइस वॉटरमनने १८८४मध्ये पेटंट घेतलं ते मुख्यतः या फीडचं. वॉटरमनच्या हातून करारावर शाई सांडली आणि गिऱ्हाईक गेलं, म्हणून त्याने नवं पेन शोधलं, अशी एक गोष्ट सांगतात. जाहिरातीला इतकी शोभणारी गोष्ट खरी असेल, असं मला वाटत नाही.

हिच्या निबेवर मधोमध ४८१० हा आकडा कोरलेला होता. माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. या आकड्याचं मला नेहमी हसू येतं, कारण त्या शिखराच्या माथ्यावर बर्फ आहे आणि त्याची जाडी कमी-जास्त होते. २०२३च्या मोजणीत उंची भरली ४८०५.५९ मीटर. डोंगर चार मीटर खाली आला तरी निब आपल्या आकड्यावर ठाम. प्लॅटिनमच्या पेनाचं ३७७६ हे नावही असंच, फुजी पर्वताच्या उंचीवरून. पेन करणाऱ्यांना डोंगरांचा काय सोस आहे कोण जाणे.

तोच ४८१० दुसरीकडे पैशाच्या कामी येतो. १९९२मध्ये माँ ब्लाँने फ्लॉरेन्सचा जुना कलाश्रयदाता लोरेन्झो द मेदिची याच्या नावाने पेन काढलं, ते बरोबर ४८१० नग. मर्यादित आवृत्ती म्हटलं की मी थोडा सावध होतो. एखादी वस्तू कमी आहे म्हणून ती मोलाची, हे हिऱ्याच्या बाबतीत खपत असेल. पण कारखान्याने आपणहून आकडा ठरवून यंत्र थांबवलं तर त्यात पेनाचं काय कौतुक? आणि असली पेनं लोक विकत घेतात ती बहुधा न भरण्यासाठीच. ज्यांच्याबद्दल 'कसं लिहितं' हे कुणालाच माहीत नाही, अशी पेनं जगात हजारांनी असतील.

त्याउलट मला जपानी उरुशीच्या पेनांबद्दल मात्र आदर आहे, आणि तो मी लपवत नाही. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. इतर रंगांसारखा तो कोरड्या हवेत वाळत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवल्यावर तो घट्ट होतो. पातळ थर द्यायचा, घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. असे कितीतरी थर. माकी-ए करायचं तर ओल्या लाखेवर सोन्याची पूड शिंपडून चित्र. एका पेनाला महिने लागतात. १९३०च्या सुमाराला इंग्लंडच्या डनहिल कंपनीने जपानच्या नामिकी कंपनीची असली पेनं युरोपात नेली आणि तिथले लोक थक्क झाले. यातलं काहीही कागदाला टेकत नाही, लिहिण्यात त्याने तसूभर फरक पडत नाही, हे मला मान्य आहे. पण निदान तिथे पैसे कुणाच्या तरी महिन्यांचे आहेत. ज्या पेनात कुणाचेच महिने नाहीत आणि नुसता ताठा आहे, ते मी डबीत परत ठेवतो.

आणि कधी कधी ताठा आणि नक्षीकाम, ही दोन्ही खाती बाजूला सारून केवळ लिहिण्यासाठी घडवलेली पेनं हाती लागतात. १९४१चं पार्कर ५१, ज्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, शाई वाळू नये म्हणून. किंवा १९६६चं लामी २०००, गेर्ड आल्फ्रेड म्युलर या डिझायनरचं. मॅक्रोलॉन नावाच्या काळ्या प्लास्टिकचं, कुठे नक्षी नाही, आणि मागच्या फिरकीचा सांधा भिंग लावूनही सापडता सापडत नाही. तो सांधा हीच त्याची नक्षी. इतकी वर्षं झाली, ते अजून जवळपास तसंच बनतं.

निब कागदावर न टेकवता जे सांगता येईल ते मी सांगून झालं होतं. मणी समान, चीर नीट, फीड मधोमध. फक्त निब जाड होती आणि ते मला जरा खटकलं. निबांच्या जाड्या रोमन लिपीच्या हिशेबाने ठरल्यात. जपानी निबा एक पायरी बारीक असतात, कारण त्यांना कांजी या आपल्या गुंतागुंतीच्या चित्राक्षरांच्या रेघा एकमेकींत मिसळू द्यायच्या नसतात. आपली गरज त्यांच्यासारखीच आहे. जाड निबेने 'ण' लिहा, 'क्ष' लिहा, 'ळ'च्या दोन गाठी लिहा, पोटं बुजून जातात. पेन पाहायचं झालं की मी सही करून पाहत नाही. सही काय, कुठल्याही पेनाने उमटते, तिला सराव असतो. मी एक लांबलचक शब्द लिहितो आणि त्यावर एका दमात शिरोरेषा ओढतो. रेघ सुरुवातीला काळी आणि शेवटी फिकट झाली तर फीडला दम नाही. मग अनुस्वार देऊन पाहतो. अनुस्वार ही सगळ्यात कडक परीक्षा. त्यात ओढणं नाही, नुसतं टेकवणं. माझ्या त्या रुसक्या पेनाला टिंब जमायचंच नाही, 'चिंता' लिहावी तर 'चिता' व्हायची. त्या दोघींत एका टिंबाचाच फरक, हे सुभाषितकारांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. त्यांची चिंता मात्र निबेची नसावी.

"आता एकच राहिलं," मी मैत्रिणीला म्हटलं. "कोरं आहे की नाही, ते."

"अरे, सांगितलं ना, कोरं आहे."

"विकत घेणारा हे पाहणारच. त्याने पाहण्याआधी आपण पाहू."

शाईची खिडकी, म्हणजे निबेमागची ती पट्ट्यापट्ट्यांची पारदर्शक जागा, काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे आत शाई बहुधा कधीच भरलेली नाही. पण बुडवून लिहिलं असेल तर खिडकीला कळत नाही. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. टिशूपेपरचा कोपरा पाण्याने ओला करायचा आणि निबेच्या चिरेला टेकवून ठेवायचा. चिरेत, फीडच्या खाचेत काही वाळून बसलं असेल तर पाण्याबरोबर कागदात उतरतं. खरं तर पुष्कळ नव्या पेनांतही असा माग सापडतो. काही कारखान्यांत निब बसवल्यावर माणूस ती शाईत बुडवून लिहून बघतो, मग धुतो. म्हणजे कोरं म्हणून विकलं जाणारं पेन बरेचदा एकदा लिहून झालेलं असतं, कुणा अनोळखी माणसाच्या हाताने. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. निळा डाग आला तर घाबरू नकोस, म्हटलं.

टिशू टेकवला. काही क्षण काहीच झालं नाही. मग कागदाच्या ओल्या कोपऱ्यात चिरेपाशी एक बारीक टिंब उमटलं आणि हळूहळू पसरत गेलं.

निळं नव्हतं. गुलाबी होतं. मधे गडद, लाल.

मी टिशू तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाबांच्या टेबलावर एकच दौत असायची," ती म्हणाली. "लाल."

निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, दौत मात्र उरली असणार. कधी तरी, घरात कुणी नसताना, त्यांनी डबी उघडून निब बुडवली असेल. काय लिहिलं असेल ते कळायला मार्ग नाही. मग ती धुतली, पुसली, डबीत जशीच्या तशी ठेवली आणि सगळ्यांना सांगत राहिले, वापरलेलं नाही.

"म्हणजे आता किंमत कमी येणार," ती म्हणाली.

"येणार. घेणाऱ्याला सांगावं लागेल."

"किती कमी?"

मी अंदाज सांगितला. तिने तो ऐकला की नाही, कळलं नाही. टिशूची घडी करून तिने डबीत, पेनाच्या जागी ठेवली.

"तुझ्याकडे शाई कुठली आहे?"

माझ्याकडे होती ती निळी. चांगल्यातली, पेनात चटकन न वाळणारी, धुवायला सोपी. मी निब बाटलीत पूर्ण बुडवून फिरकी उलटी फिरवली, मग सुलटी. दट्ट्या वर सरकला, खिडकीत निळं चढलं. निब पुसून पेन तिच्या हातात दिलं आणि माझी वही पुढे केली. तिने कुठलंसं जुनं पाठांतर लिहायला घेतलं, शाळेत लिहितात तसं ठळक, एकेक अक्षर वेगळं. जाड निबेत 'ण'चं पोट बुजलंच. पण पहिलं अक्षर पहिल्या फटक्यात उठलं.

पहिली ओळ जांभळी आली. दुसरीतही जांभळट छटा होती. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर कुठे तरी ती निळी झाली. नेमक्या कुठल्या अक्षरापाशी, ते आम्ही दोघांनी भिंग लावून शोधलं. सापडलं नाही.